पत्राखालचा अंगठा

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. माझ्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकपर्यंत पोचलेलं नाही, आणि मी शिकलो तेही शेतकी. त्यात जमिनीचा पोत, पाण्याचा निचरा असल्या गोष्टींची टिपणं काढायची सवय लागते, स्वतःबद्दल लिहायची नाही. पण हॉलंडमध्ये दीड वर्ष राहून परत आल्यापासून, परभणीच्या आमच्या वसतिगृहात कुणाला बाहेर शिकायला जायची संधी मिळाली की तो माझ्या खोलीवर येतो. काय न्यायचं, थंडी किती, जेवणाचं कसं. मी प्रत्येकाला तेच तेच सांगतो. शेवटी एक मित्र म्हणाला, "एकदाचं कागदावर उतरवून काढ की. दर वेळी तोंड कशाला दुखवून घ्यायलास?"

म्हणून बसलो. सामानाची यादी करायला बसलो आणि चौथ्या ओळीत आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. ते आल्यावर यादी मागे पडली, त्याबद्दलही माफी असावी.

तरी यादीतलं जे खरोखर उपयोगाचं आहे ते आधी सांगतो.

ज्वारीचं पीठ नेऊ नका. मी पाच किलो नेलं होतं. दोन महिन्यांत ते कडू झालं, आणि तिथल्या विजेच्या शेगडीवर भाकरी फुगतही नाही. उरलेलं पीठ तिथल्या वसतिगृहामागच्या कालव्यातल्या बदकांनी खाल्लं, त्यांची काही तक्रार नव्हती. शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि काळा मसाला मात्र भरपूर न्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. तेलातलं लोणचं नको. माझं सांडलं, आणि माझ्या पदवीच्या गुणपत्रिकेवर आजही पिवळा डाग आहे. कागदपत्रं नेहमी हातातल्या पिशवीत ठेवा. अख्खं धान्य किंवा बियाणं बरोबर नेऊ नका, ते विमानतळावर काढून घेतात, आणि त्यातून रोग-कीड जाते हे कारण शेतकीच्या विद्यार्थ्याला तर माहीत असायला हवं.

कोट इथं शिवू नका. मी परभणीत शिवून घेतला. शिंप्याने ओव्हरकोट कधी पाहिला नव्हता. त्याने माप घेता घेता विचारलं, "थंडी किती असती तिकडं?" मी म्हणालो, "लय असती म्हणतात." तेवढ्या माहितीवर त्याने घोंगडीसारख्या कापडाचा कोट केला. तो पावसात भिजला की बैलाच्या अंगावरच्या ओल्या झुलीसारखा जड व्हायचा. तिथं जुने कोट बाजारात मिळतात, चांगले असतात, घालायला लाजू नका.

कुणाच्या घरी गेलात आणि खाणार का असं विचारलं, तर भूक असल्यास पहिल्यांदाच हो म्हणा. आपल्याकडे दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा ताट ओढायची रीत आहे. तिथं तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही. पहिल्या महिन्यात आमच्या प्राध्यापकांच्या घरून मी असाच उपाशी परतलो. नंतर त्यांच्या पत्नींना ही रीत सांगितली, तेव्हापासून त्या मला मुद्दाम तीनदा विचारायच्या आणि हसायच्या.

आता पत्रांचं. माझ्या मते सामानापेक्षा हेच महत्त्वाचं आहे, आणि मी इथंच चुकलो.

माझी कॉलेजची वर्षं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीतली. आज मोर्चा, उद्या बंद, एसटी सुटेल की नाही याचा भरवसा नसायचा, आणि गावाकडचा निरोप आठ-आठ दिवस यायचा नाही. पण तेव्हा त्याचं काही वाटत नसे. आमचं गाव ताडकळसच्या पुढे थोडं आत आहे. अगदीच जिवाला लागलं तर मी कुणाची तरी सायकल मागून घेऊन घरी जाऊन यायचो. आपलं माणूस डोळ्यांनी पाहिलं की झालं. हॉलंडहून ते जमणार नव्हतं, आणि मला त्याचीच भीती होती.

भीतीला कारण होतं. मी शाळेत असताना आमच्या गावचा एक जण फौजेत होता. तो सुट्टीवर आला तेव्हा आम्ही पोरं त्याची ट्रंक उचलायला स्टँडवर गेलो होतो. त्याने आईसाठी हिरवं लुगडं आणलं होतं, ते तिथंच आम्हाला काढून दाखवलं. त्याची आई पाच महिन्यांपूर्वीच वारली होती. घरच्यांनी त्याला दर महिन्याला लिहिलं होतं, की सर्व मंडळी खुशाल आहेत. पोरगा बंदूक घेऊन उभा आहे, त्याच्या जिवाला घोर नको, एवढ्याच मायेने लिहिलं होतं. त्यांना कुणी नाव ठेवलं नाही. आमच्याकडे लांबच्या माणसाला वाईट बातमी पत्राने कळवत नाहीत. तो आला की समोर बसवून सांगतात.

आणि मी निघालो तेव्हा आबांना दम्याचा जोर होता. जायच्या आधीच्या महिन्यात ते परभणीच्या दवाखान्यात आठ दिवस होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, छाती नाजूक झाली आहे, जपा.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो. मी, आबा, माय, थोरला भाऊ, वहिनी, आणि आमचे शेजारी असलेले शाळेतले गुरुजी. पत्र लिहायचं काम गुरुजींकडे होतं, कारण परदेशी जाणारं पत्र चांगल्या मराठीत असलं पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि पत्ता इंग्रजीत घालणारे तेच होते.

मी आबांना म्हणालो, "आबा, काही झालं तरी मला खरं कळवायचं."

"खरंच कळवू की."

"सगळेच असं म्हणतात. फौजीच्या घरचेही म्हणाले असतील."

आबांनी आपला उजवा हात समोर धरून पाहिला. मग म्हणाले, "मंग असं करू. दर खताखाली माझा अंगठा लावून धाडतो. अंगठा दिसला की समज बाप हाय. मेल्यावर कोन अंगठा लावंल?"

भाऊ म्हणाला, "आबा, मेल्यावर बी लावत्यात. जमिनीच्या कागदाला इचारा."

"दीड एकर हाय ती तुज्याच नावावर, माझ्या मेल्या अंगठ्याला कोन इचारतंय!"

"शुभ बोला की जरा," माय चिडली. "पोरगं जायलंय अन् ह्यांचं मरनाचंच चाललंय." वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती.

असं ठरलं. आबांच्या उजव्या अंगठ्यावर विळ्याने कापल्याची जुनी खूण होती. शाळेच्या शिक्क्याच्या जांभळ्या शाईत बुडवून कागदावर टेकवला की मधून एक तिरपी पांढरी रेघ उमटायची. ती दुसऱ्या कुणाची असणं शक्य नव्हतं.

तिकडे गेल्यावर महिन्याला एक एरोग्राम यायचा. एरोग्राम म्हणजे घडी घातली की स्वतःच पाकीट होणारा निळा कागद. पोचायला दोन-तीन आठवडे लागत. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर ठरलेला. 'इकडील सर्व मंडळी खुशाल असून तुमची खुशाली कळवत जावी. पाऊसमान बरे आहे. प्रकृतीस जपून विद्याभ्यास करावा.' मी तो मजकूर नंतर वाचायचो. आधी तळाची घडी उघडून अंगठा पाहायचो.

माझ्या खोलीत घानाहून आलेला एक विद्यार्थी होता, वयाने थोडा मोठा, दोन मुलांचा बाप. त्याने एकदा विचारलं, "तू पत्र उलटं का वाचतोस?" मी सांगितलं. तो म्हणाला, "तुझे वडील म्हणजे बँक आहेत का? दर वेळी सही तपासतोस ती!" पण पुढच्या वेळेपासून माझं पत्र आलं की तोच आधी विचारायचा, "बँक उघडी आहे ना?" मी अंगठा दाखवायचो.

असे सहा-सात अंगठे आले. मग थंडी ओसरत असताना एक पत्र आलं आणि त्याच्या तळाला काही नव्हतं.

मी कागद उजेडात धरला. पालथा केला. मजकूर नेहमीचाच, सर्व मंडळी खुशाल. वाटलं, घाईत राहिला असेल. गुरुजींना तसं लिहिलं, की अंगठा राहिला, पुढच्या पत्रात आठवणीने लावावा. माझं पत्र पोचायच्या आधीच त्यांचं पुढचं पत्र निघालेलं होतं. त्यातही अंगठा नव्हता. मग माझ्या पत्राचं उत्तर आलं. गुरुजींनी लिहिलं होतं, 'आबांची प्रकृती ठीक आहे. अंगठ्याविषयी मनास लावून घेऊ नये. आपण अभ्यासाकडे लक्ष द्यावे.'

मनास लावून घेऊ नये. हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. माणूस असता तर अंगठा लावायला किती वेळ लागतो? जे काही लपवायचं नसतं, त्याच्याबद्दल मनास लावून घेऊ नये असं कोण लिहितं?

तेव्हा माझं प्रयोगाचं काम चालू होतं. गवताच्या चोवीस वाफ्यांना वेगवेगळं पाणी द्यायचं आणि दर आठवड्याला कापून वजन घ्यायचं. मी वाफ्यात वाकलो की मला आबा दिसायचे, शेताच्या धुऱ्यावर बसून दम खाणारे. एकदा दोन वाफ्यांचं गवत एकाच पिशवीत भरलं. प्राध्यापकांनी फक्त पिशवीवरचं लेबल बोटाने दाखवलं.

शेवटी परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या बाईंकडे गेलो. त्या मायेने बोलायच्या, पण स्पष्ट. म्हणाल्या, "तुला जायचं असेल तर मी तिकिटाची व्यवस्था करते. पण प्रयोग मध्येच सोडलास तर ही जागा पुढे ठेवता येणार नाही. तुझ्या वडिलांना काय झालंय नक्की?"

अंगठा नाही, एवढंच माझ्याकडे होतं. मी म्हणालो, "मला एक महिना द्या."

फोन करावा तर गावात फोन नव्हता. म्हणून जाणाऱ्या मुलांना मी आता बजावतो, की निघायच्या आधी जवळच्या मोठ्या गावातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाचा फोन नंबर घ्या, आणि त्याला दोन शब्द बोलून ठेवा. मी ते केलं नव्हतं. मी तार केली. इंग्रजीत, चार शब्द, वडील कसे आहेत ते त्वरित कळवा.

तार करताना मला एक गोष्ट आठवायला हवी होती, आणि ती आठवली नाही. काळजीत माणूस फक्त स्वतःच्या बाजूने विचार करतो.

पाचव्या दिवशी उलट तार आली. 'ऑल वेल. स्टडी.' घानाचा मित्र म्हणाला, "बघ, झालं की." मी त्याला समजावून सांगितलं, की आमच्याकडे हेच लिहितात. फौजीला हेच लिहिलं होतं. तो माझ्या पलंगावर येऊन बसला. मग म्हणाला, "म्हणजे तुमच्या लोकांनी ठीक आहे म्हटलं की तुम्ही रडायचं?" मी हो म्हणालो. त्याने मला उठवलं, सायकल काढायला लावली, आणि आम्ही दोघं कालव्याच्या कडेने बरंच लांब गेलो. तो त्याच्या मुलांबद्दल बोलत राहिला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

महिना संपायला तीन दिवस होते. मी बॅग पलंगाखालून काढून पुसून ठेवली होती. त्या दिवशी दुपारी वाफ्यांवरून आलो तर टपालाच्या खणात एरोग्राम होता. पत्त्याचं अक्षर गुरुजींचं नव्हतं. इंग्रजी अक्षरं एकेक चित्र काढावं तशी काढलेली, एक मोठं, एक लहान, कुणीतरी माझ्याच जुन्या पाकिटावरून पाहून उतरवलेली. मी खोलीत जाऊन दार लावलं. तळाची घडी उघडली. अंगठा नव्हता. बाकीचं पत्र मी ओढून उघडलं, ते वाकडं फाटलं.

आतलं अक्षर वहिनीचं होतं. वहिनी सातवीपर्यंत शिकलेली. तिला कुणी पत्र लिहायला सांगितलं नव्हतं, कारण तिला चांगलं मराठी येत नाही असं आम्ही सगळेच समजत होतो. म्हणून मुलांना माझं सांगणं आहे, घरून पत्र लिहायचं काम गुरुजींना देऊ नका. जे माणूस ऐकलं तसं लिहितं त्याला द्या, मग ते कितीही चुकत का असेना. ते पत्र मी इथं जवळजवळ पूर्ण देतो.

'भावजी, नमस्कार. गुरुजी सुट्टीत त्यांच्या गावाकडं गेलेत म्हणून मी लिहायलेय. आबा सांगायलेत तसंच लिहायलेय, रागवू नका.

आबा म्हनायलेत, तुला तार करायला कोन सांगितलं? पोस्टमन सायकलीवरून उतरला अन् तार हाय म्हनला की तुज्या मायनं हंबरडा फोडला. सगळी गल्ली गोळा झाली. तार आली म्हंजी मानूस गेलं, हे तुला ठावं न्हाई का? तू गेलास असंच समद्यांनी धरलं. इंग्रजी कुनाला येतंय हितं? बायांनी चूल पेटू दिली न्हाई. मी तार धोतराच्या सोग्याला बांधली अन् तुज्या भावाला घेऊन ताडकळसला गेलो. गाडीत लोक इचारायलेत काय झालं, मी म्हनलं पोरगं परमुलखात गेलं वाटतंय. एका म्हाताऱ्यानं मला उठून जागा दिली.

पोस्टातल्या साहेबानं तार वाचली अन् हसायलाच लागला. म्हनला, बाबा, पोरगा इचारायलाय तुमी हाव का. मी म्हनलं, हाय की, म्होरं उभा हाय. त्यालाच म्हनलं धाड उलटी तार. घरी येस्तोवर तुझी माय तशीच बसलेली. तिला सांगितलं पोरगं जितं हाय, तर ती माझ्यावरच चिडली, की आधी का न्हाई सांगितलं. आता आधी कसं सांगू?

आता अंगठ्याचं ऐक. गावात साक्षरतेचा वर्ग निघालाय. शिकवायला परभनीची एक बाई येती. तिनं एका दिवशी समद्यांना इचारलं, आजपासून अंगठा कोन देनार न्हाई, हात वर करा. म्हाताऱ्यात मी येकल्यानंच केला. शबूद दिला तर दिला. सोसायटीत बी न्हाई, राशनला बी न्हाई, तुला बी न्हाई. दस्कत करायला शिकायलोय, पर आडनावापाशी यिऊन लंगडतंय. परमुलखात लंगडी दस्कत धाडून आपली इज्जत कशाला घालवायची? म्हनून गुरुजीला मीच दम दिला, पोराला कळवू नका, चांगली जमली की येकदम धाडू. तू मला मारूनच टाकलंस तवर.

दम हाय. पर तो तू जन्मायच्या आधीपासून हाय. शिकायला गेलास तर शीक. अर्धं टाकून आलास तर मी स्टँडवरनंच माघारी धाडीन. मी मेलो तर तुला कळवायला लावीन, ह्यो बी शबूद दिला.'

इथं अक्षर जरा बारीक झालं होतं, कागद संपत आला होता म्हणून.

'भावजी, हे शेवटचं माझ्या मनचं लिहायलेय. आबा खरंच बरे हायेत. लेकराची आन घेऊन सांगते. दुपारच्याला बैलापाशी पाटी घेऊन बसतात अन् मी पानी द्यायला गेले की पुसून टाकतात. आज सकाळीच वखर घेऊन रानात गेलेत, तुमचे भाऊ नको म्हनत होते तरी. आता येतील, तवर हे पोस्टात टाकायला द्यायलेय.'